आडात पाणी नाही, की पोहरा गळका?



या सदरात आपण बियाणे, खते, ठिबक आणि कीड-रोग यांविषयी बोलतो. आजचा विषय शिवारातला नाही, घरातला आहे. शहरात नोकरीला असलेला मुलगा किंवा पुतण्या दिवाळीला घरी येतो आणि पिशवीतून पाणबुड्याच्या चष्म्यासारखे एक यंत्र काढतो. पट्टा आवळून ते डोळ्यांवर चढवले की समोर दुसरेच जग उभे राहते. मान वळवाल तिकडचे दिसते. आजोबा ओसरीवर बसल्या जागी समुद्राचा तळ पाहून येतात आणि नातवंडे हवेतच हात चालवून चेंडू टोलवतात. या यंत्राला हेडसेट म्हणतात. काही हेडसेट संगणकाला तारेने जोडावे लागतात. आपल्याकडे येतात ते बहुधा स्वतंत्र, म्हणजे संगणकाशिवाय आपल्याच बळावर चालणारे. अशांपैकी ऑक्युलस क्वेस्ट २०१९ साली निघाला, क्वेस्ट २ हा २०२० साली, क्वेस्ट ३ हा २०२३ साली आणि त्याचाच स्वस्त भाऊ क्वेस्ट ३एस २०२४ साली.

या यंत्राची एक अडचण आहे. त्यात सिमकार्ड घालायला जागा नसते. खेळ असो, शिकवणीचा धडा असो किंवा यंत्राचे स्वतःचे नवे सॉफ्टवेअर असो, सगळे वायफायवाटे यावे लागते. खेडेगावात घोडे अडते ते नेमके येथेच. कोठे हेडसेट वायफायला जोडलाच जात नाही, कोठे जोडला जातो पण डाऊनलोडचा आकडा मुंगीच्या पावलाने चालतो. मग घरोघर तेच ठराविक उपाय सुरू होतात. कोणी महिन्याचा प्लॅन वाढवून जास्त पैसे भरतो. कोणी बाजारातून नवा राऊटर आणतो. कोणी यंत्रच पुसून कोरे करतो आणि होते-नव्हते ते घालवून बसतो. आणि कोणी "यंत्रच खराब निघाले" म्हणून हजारो रुपयांची वस्तू मिळेल त्या भावात विकून मोकळा होतो. यालाच आपल्याकडे 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' म्हणतात.

ज्यांच्या घरी हेडसेट नाही त्यांनीही पान उलटू नये. आज जी तपासणी सांगणार आहे तीच मोबाईलला, टीव्हीला आणि मुलांच्या ऑनलाइन शिकवणीलाही लागू पडते. शिवाय हल्ली बाजारभाव, हवामानाचा अंदाज, अनुदानाचे अर्ज हे सारे त्याच एका नेटवर चालते. ते नेट कोठे गळते हे घरातल्या निदान एका माणसाला तरी कळले पाहिजे.

आधी तीन ठिकाणी मोजा

ठिबकाच्या शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही असे दिसले, तर शहाणा शेतकरी लगेच विहीर खोल करायला घेत नाही. तो आधी मोटरीपाशी धार पाहतो. मग फिल्टरच्या अलीकडचा व पलीकडचा दाब पाहतो. शेवटी ड्रीपरखाली भांडे ठेवतो. ताशी ४ लिटरचा ड्रीपर असेल तर १५ मिनिटांत १ लिटर भरला पाहिजे. भरला नाही तर पाणी वाटेत कोठे अडले ते आपोआप कळते. नेटचे अगदी तसेच आहे.

मोबाईलमध्ये फास्ट डॉट कॉम हे पान उघडले की नेटचा वेग आकड्यात दिसतो. मोजण्यापूर्वी मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करावा आणि फक्त वायफाय चालू ठेवावे. नाहीतर तुम्ही राऊटर सोडून सिमकार्डच मोजत बसाल. घरातला टीव्ही आणि बाकीचे मोबाईलही तेवढ्यापुरते थांबवावेत. मग असे करावे :

पहिले मोजमाप राऊटरपासून दोन-तीन हातांवर उभे राहून मोबाईलवर.

दुसरे मोजमाप हेडसेट जेथे बसून वापरता, त्या खोलीत त्याच मोबाईलवर.

तिसरे मोजमाप त्याच जागी, पण हेडसेटमधल्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडून.

प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजावे आणि मधला आकडा वहीत लिहावा. हेच एकदा सकाळी आणि एकदा रात्री जेवणाच्या वेळी करावे. सगळे मिळून अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

आता वही उघडून पाहा. पहिलाच आकडा कमी असेल तर आडातच पाणी नाही. दोष घराबाहेर आहे, आणि नवा हेडसेट आणला तरी फरक पडणार नाही. पहिला चांगला आणि दुसरा पडलेला असेल तर पाणी घरातल्या वाटेत गळते आहे. दुसरा चांगला आणि तिसराच कमी असेल तर पोहरा गळका आहे, म्हणजे हेडसेटमध्ये पाहायला हवे. तिन्ही आकडे चांगले असून डाऊनलोड रेंगाळत असेल तर यंत्रात जागा नाही, यंत्र मध्येच झोपी जाते, किंवा पाठवणाऱ्याकडेच अडचण आहे.

एकर आणि गुंठ्याची गल्लत

पुढे जाण्यापूर्वी एक हिशेब समजून घ्या. प्लॅन विकणारा '४० एमबीपीएस' म्हणतो. त्यातला एमबी म्हणजे मेगाबिट. खेळाचा किंवा धड्याचा आकार मात्र मेगाबाइट आणि गिगाबाइटमध्ये लिहिलेला असतो. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणजे ४० मेगाबिटच्या नेटवर सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट माल घरात येतो. एकराचा भाव गुंठ्याला लावला तर जशी फसगत होते, तशीच येथे होते. पुष्कळदा "प्लॅन ४० चा घेतला आणि ५ च मिळतो" ही तक्रार या गल्लतीतूनच निघालेली असते.

१० गिगाबाइटचा एखादा खेळ घ्या. ४० मेगाबिटच्या वेगाने तो साधारण ३३ मिनिटांत उतरेल. ८ मेगाबिटच्या वेगाने त्याला पावणेतीन तास लागतील. तेव्हा आपल्या पहिल्या आकड्याला ८ ने भागावे, खेळाच्या आकाराचा हिशेब करावा, आणि मग ठरवावे की हा बिघाड आहे की केवळ धीर धरण्याची गोष्ट आहे.

आडातच पाणी नसेल तर

गावात फायबरची तार आली असेल तर घरातल्या डबीवरचे दिवे पाहायला शिका. बहुतेक डब्यांवर 'पॉन' आणि 'लॉस' अशा नावांचे दोन दिवे असतात. पॉनचा दिवा स्थिर हिरवा असेल तर प्रकाश घरापर्यंत पोचतो आहे. लॉसचा दिवा तांबडा लागला किंवा लुकलुकू लागला, तर तार तुटली आहे किंवा कोठे तरी दबली आहे. अशा वेळी हेडसेटची बटणे दाबत बसण्यात अर्थ नाही. नेटवाल्याला बोलवावे आणि "लॉसचा लाल दिवा लागला आहे" एवढेच नेमके सांगावे. "नेट चालत नाही" असे मोघम सांगण्यापेक्षा या एका वाक्याने काम लवकर होते.

फायबर म्हणजे केसासारखी काचेची तार. ती आपल्या विजेच्या वायरीसारखी कशीही मुरगळून चालत नाही. जादा तार गुंडाळून ठेवायची असेल तर बांगडीपेक्षा लहान वेटोळे करू नये. तारेला खिळा ठोकू नये, तिच्यावर पोते किंवा लाकूड ठेवू नये. उंदीर कुरतडतात, म्हणून धान्याच्या कोठीमागून तार नेऊ नये. आणि एक सक्त ताकीद : तुटलेल्या तारेचे टोक डोळ्यासमोर धरून आत डोकावू नका. त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. मुलांनाही हे सांगून ठेवा.

सकाळी वेग चांगला आणि रात्री पडतो असे वहीत दिसले, तर एकाच तारेवर सारे गाव टीव्ही पाहत बसलेले असते असे समजावे. पाटाला पाळी असते तशी नेटला नसते, म्हणून आपणच पाळी लावून घ्यावी. मोठे डाऊनलोड पहाटे लावावे. त्या वेळी वाट मोकळी असते.

वीज जाण्याचा प्रश्न निराळा. राऊटरला बहुधा १२ व्होल्टचा लहान अ‍ॅडॉप्टर असतो. त्याच्यासाठी छोटी बॅटरी-पेटी मिळते. ती लावली की वीज गेली तरी राऊटर चालू राहतो. पण ती आणण्यापूर्वी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा. वीज गेल्यावर गावातले, नेटवाल्याचे यंत्रच बंद पडत असेल, तर तुमच्या घरची पेटी काही कामाची नाही.

घरातली गळती

मी गावोगाव फिरतो तेव्हा राऊटर कोठे कोठे पाहिले ते सांगतो. लोखंडी कपाटामागे, फ्रिजच्या डोक्यावर, पितळी डब्यांच्या मांडणीत, माळ्यावर धान्याच्या कणगीजवळ आणि एका घरी तर पाण्याच्या टाकीला टेकवून. वायफायच्या लहरींना धातू आणि पाणी हे दोन मोठे वैरी. धातूवर त्या आपटून परत फिरतात आणि पाण्यात जिरतात. जुन्या वाड्याची हात-दीड हात जाडीची दगडी भिंत, स्लॅबमधल्या लोखंडी सळया, पत्र्याची आडभिंत, या प्रत्येकाने वेग थोडा थोडा गिळला जातो. म्हणून राऊटर घराच्या मध्याजवळ, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, उघड्यावर ठेवावा. शोभा जाते म्हणून तो कपाटात कोंडू नये.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. हल्लीचे बरेच राऊटर दोन पट्ट्यांवर बोलतात. एक २.४ गिगाहर्ट्झची आणि दुसरी ५ गिगाहर्ट्झची. २.४ ची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते. ती भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण तिचा वेग कमी. शिवाय शेजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांची गर्दीही त्याच पट्टीवर असते. ५ ची लहर सवापाच ते पावणेसहा सेंटिमीटर लांबीची. तिचा वेग जास्त, वाट मोकळी, पण भिंत आली की ती लवकर दमते. बैलगाडी चिखलातूनही निघते आणि मोटारसायकल डांबरीवरच पळते, तसा हा प्रकार आहे.

हेडसेटला ५ ची पट्टी मानवते, मात्र त्याच खोलीत किंवा एका साध्या भिंतीपलीकडे राऊटर असेल तरच. अडचण अशी की बहुतेक घरी दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असते. मग हेडसेट गुपचूप २.४ वर जाऊन बसतो आणि आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. नेटवाल्याला सांगून दोन्हींना वेगळी नावे द्यायला लावावीत. एक 'घर' आणि दुसरे 'घर ५' एवढे पुरे. मग हेडसेट हाताने 'घर ५' ला जोडावा आणि पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर ठीक. उलट कमी झाला तर भिंत आड येते आहे, तेव्हा हेडसेट राऊटरजवळ आणावा.

राऊटर फक्त २.४ चाच असेल आणि गावठाणात घराला घर लागून असेल, तर वाहिनीकडे लक्ष द्यावे. या पट्टीवर १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या एकमेकींच्या अंगावर जात नाहीत. शेजारचे सगळे ६ वर असतील तर आपण १ किंवा ११ धरावी. बांध सामाईक असला की कुरबूर होतेच, त्यापेक्षा रिकाम्या पट्ट्यात पेरलेले बरे.

घर लांबलचक असेल किंवा हेडसेट मळ्यातल्या खोलीत वापरायचा असेल तर लोक भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचायचा रेंज वाढवणारा डबा आणतात. तो चालतो, पण ज्या लहरीवर घेतो त्याच लहरीवर पुढे देणारा स्वस्त डबा असेल तर वेग निम्म्यावर येतो. एकाच घागरीने भरायचे आणि त्याच घागरीने ओतायचे, मग खेपा दुप्पट होणारच. त्यापेक्षा पहिल्या राऊटरपासून नेटची केबल ओढून दुसऱ्या टोकाला दुसरा राऊटर बसवावा. अशी केबल १०० मीटरपर्यंत नीट चालते. त्यापलीकडे वस्ती असेल, किंवा केबल उघड्या आभाळाखालून न्यायची असेल, तर फायबरच बरा, कारण काचेतून वीज वाहत नाही. वळवाच्या दिवसांत आभाळ कडाडू लागले की राऊटरचा प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवावीत.

पोहरा गळका असेल तर

आता हेडसेटकडे वळू. येथे शेतीतला एक नियम पाळावा. खताचा प्रयोग करताना आपण एका वाफ्यात एकच गोष्ट बदलतो. बियाणेही बदलले, खतही बदलले आणि पाणीही वाढवले, तर पीक कशाने सुधारले ते सांगता येत नाही. म्हणून खालील उपाय एकामागून एक करावेत आणि प्रत्येकानंतर पुन्हा मोजावे.

पहिला उपाय सर्वांत सोपा. हेडसेट पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावा. पडदा काळा झाला म्हणजे यंत्र बंद झाले असे नाही, तो नुसता डुलकी घेतो. बटण दाबून धरावे आणि पुन्हा सुरू करण्याचा पर्याय निवडावा. राऊटरही अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा लावावा.

दुसरा उपाय, तारीख आणि वेळ पाहावी. बरेच दिवस पेटीत पडून राहिलेल्या यंत्राची वेळ चुकलेली असू शकते. वेळ चुकीची असली की सुरक्षित जोडणी नाकारली जाते. वायफाय जोडल्याचे दिसते, पण काहीच उघडत नाही.

तिसरा उपाय, सेटिंगमध्ये वायफायच्या यादीत जाऊन आपल्या घरचे नाव 'विसरून जा' म्हणावे आणि पासवर्ड नव्याने टाकावा. मध्यंतरी राऊटरचा पासवर्ड बदललेला असतो आणि हेडसेट बिचारा जुनाच घेऊन दारात उभा असतो. पासवर्डात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असतो तोही पाहावा.

चौथा उपाय जोडणीच होत नसेल तर. राऊटरची सुरक्षा नुसती 'डब्ल्यूपीए ३' वर ठेवली असेल तर काही यंत्रांची गाडी अडते. 'डब्ल्यूपीए २ व ३' अशी एकत्र सोय ठेवून पाहावे. सुरक्षा काढून राऊटर बिनपासवर्डचा मात्र करू नये. उघड्या गोठ्यात कोणाचीही गुरे शिरतात.

पाचवा उपाय, जागा पाहावी. यंत्राची कोठी भरत आली की नवा माल उतरवायला जागा राहत नाही. १० गिगाबाइटचा खेळ उतरताना तो उलगडण्यासाठी वर आणखी जागा लागू शकते. न लागणारे खेळ व चित्रफिती काढून टाकाव्यात.

सहावा उपाय, झोप मोडावी. हेडसेट डोक्यावरून काढला की यंत्र झोपायच्या तयारीला लागते. मग डाऊनलोड मंदावते किंवा थांबते. यंत्र चार्जरला लावावे आणि सेटिंगमधली झोपेची वेळ वाढवावी. एका वेळी एकच डाऊनलोड लावावे. चार एकदम लावले तर चारही अर्धवट राहतात.

सर्व काही पुसून यंत्र कारखान्यातून आल्यासारखे कोरे करण्याचा एक मार्ग असतो. पोरे उतावीळपणे तोच आधी धरतात. तो अगदी शेवटचा. त्याने साठवलेले सगळे जाते आणि मग तेच सारे त्याच मंद नेटवरून पुन्हा उतरवावे लागते. पहिली दोन मोजमापे कमी असताना यंत्र कोरे करणे म्हणजे पाट फुटला म्हणून उभे पीक उपटण्यासारखे आहे.

आणखी एक इशारा. रेंज मिळावी म्हणून काही जण हेडसेट अंगणात किंवा ओट्यावर नेऊन ठेवतात. त्याच्या भिंगांवर थेट ऊन पडले की भिंग उन्हाचा एक ठिपका करते आणि आतला पडदा कायमचा जळतो. लहानपणी आपण भिंगाने कागद पेटवला आहे, तोच हा प्रकार. ऊन थोडाच वेळ पडले तरी नुकसान होऊ शकते. वापर झाला की फडक्याने झाकून सावलीत ठेवावा.

मोबाईलचा हॉटस्पॉट

ज्यांच्याकडे फायबर नाही ते मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हेडसेट चालवतात. येथे मात्र फार सांभाळावे लागते. पुष्कळ प्लॅनमध्ये दिवसाला दीड किंवा दोन गिगाबाइट डेटा मिळतो. तो संपला की नेट बंद न पडता वेग ६४ किलोबिटवर येतो. म्हणजे नळ बंद नाही, पण थेंब थेंब. या वेगाने १० गिगाबाइटचा खेळ उतरवायचा तर रात्रंदिवस चालवूनही साडेचौदा दिवस लागतील.

गेल्या खरिपात एका वस्तीवर गेलो होतो. घरात नेट म्हणजे वडिलांचा एकच मोबाईल. मुलाने रात्री त्याचा हॉटस्पॉट चालू करून हेडसेट चार्जरला लावला आणि झोपी गेला. हेडसेटने आपले नवे सॉफ्टवेअर ओढायला घेतले. मध्यरात्री मिळालेला नव्या दिवसाचा डेटा उजाडायच्या आत संपला. सकाळी वडील ई-पीक पाहणीसाठी शेतात गेले. फोटो निघाला, पण माहिती काही केल्या वर चढेना. मुदतीचे शेवटचे दिवस चाललेले. २०२१ साली ही पद्धत आल्यापासून सातबाऱ्यावर पिकाची नोंद आपण स्वतः मोबाईलवरून करतो, आणि नोंद राहिली की पुढे मदतीच्या वेळी हेलपाटे सुरू होतात. बाप म्हणाला, "विकून टाक ते भूत." मुलगा म्हणाला, "तुमचं नेटच भिकार आहे." दोघे तावातावाने बोलत होते आणि माउली मधल्या मध्ये उभी होती.

शेजारच्या मोबाईलवरून माहिती पाठवण्याची सोय झाली आणि नोंद पुरी झाली. नंतर आम्ही ओसरीवर बसून मोजले. यंत्र चांगले होते. त्या कंपनीची रेंजही पहाटे बरी होती. बिघाड कशातच नव्हता, आडातले पाणी एकाने न सांगता उपसले होते, एवढेच. मुलाने हेडसेटमधले आपोआप नवे सॉफ्टवेअर घेणे बंद केले. रात्री हॉटस्पॉट बंद ठेवायचा असे ठरले. आणि मोठे खेळ व धडे शहरातल्या खोलीवरच्या नेटवर उतरवूनच गावी आणायचे असेही ठरले. एकदा उतरवलेले पुष्कळसे खेळ नंतर नेट नसतानाही चालतात. धान्य बाजाराच्या गावी दळून आणावे तशी ही सोय आहे.

हॉटस्पॉट वापरणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. मोबाईल खिडकीशी, जेथे रेंज जास्त दिसते तेथे ठेवावा आणि त्याची बॅटरी वाचवण्याची सोय बंद करावी. मोबाईलमध्ये हॉटस्पॉटची पट्टी निवडता येत असेल तर हेडसेट जवळ असताना ५ ची निवडावी.

पाठवणाऱ्याचीच अडचण

कधी कधी आपल्याकडे सगळे ठीक असते आणि खोट दूर कोठे तरी असते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊनंतर आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकाएकी बंद पडले होते ते आठवत असेल. देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने त्या कंपनीची स्वतःचीच जाळी तुटली होती आणि सुमारे सहा तास सारे ठप्प होते. तिचेच ऑक्युलस हेडसेटही त्यात अडकले. त्या रात्री ज्यांनी आपला राऊटर उघडला किंवा हेडसेट कोरा केला, त्यांनी निष्कारण श्रम केले. तिन्ही मोजमापे चांगली असतील आणि तरी एकाच ठिकाणचा माल येत नसेल, तर यंत्र बाजूला ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी पाहावे.

घरात एवढे ठरवा

हा कागद कापून राऊटरजवळच्या भिंतीवर चिकटवा :

१. आधी तीन ठिकाणी मोजायचे, मग हात लावायचा.

२. एका वेळी एकच बदल करायचा आणि पुन्हा मोजायचे.

३. लाल दिवा लागला तर यंत्राला दोष द्यायचा नाही, नेटवाल्याला कळवायचे.

४. मोठे डाऊनलोड पहाटे, यंत्र चार्जरला लावून, घरात सांगून करायचे.

५. सरकारी कामाची मुदत जवळ असेल त्या आठवड्यात हॉटस्पॉटवर डाऊनलोड नाही.

६. यंत्र कोरे करायचे ते सर्वांत शेवटी.

७. भिंगावर ऊन पडू द्यायचे नाही. आणि हे यंत्र बनवणाऱ्यांनीच १० वर्षांखालच्या मुलांसाठी नाही असे सांगितले आहे, ते पाळायचे.

वहीतले तीन आकडे हाताशी असले की नेटवाला, दुकानदार आणि घरातले तरुण पोर या तिघांशीही तुम्हाला नेमके बोलता येईल. प्लॅन वाढवायचा की नाही हे त्याने सांगायचे नाही, तुमच्या वहीने सांगायचे. माती तपासल्याशिवाय खत टाकू नका असे मी इतकी वर्षे सांगत आलो आहे. तेच येथेही सांगतो.

तीन आकडे लिहूनही गाठ सुटली नाही, तर ते आकडे, राऊटर कोठे ठेवला आहे ती जागा आणि डबीवरच्या दिव्यांचे रंग एका कार्डावर लिहून या सदराकडे पाठवा. पुढच्या एखाद्या अंकात त्यांची उत्तरे देऊ.